रोजच्या इंग्रजी शब्दांमधले लॅटिन : खडा, उंदीर, पाट आणि पशू

फळाखडू:

गेल्या महिन्यात वडिलांच्या पोटात कळा येऊ लागल्या म्हणून सोनोग्राफी करून घेतली. अहवालाच्या शेवटच्या ओळीत 'राइट रीनल कॅल्क्युलस, ६ मिलिमीटर' असे लिहिले होते. माझी मुलगी बारावी विज्ञानाला आहे. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "बाबा, आजोबांच्या मूत्रपिंडात कॅल्क्युलस कुठून आला? तो तर आमच्या गणिताच्या पुस्तकात आहे." वडिलांचा खडा औषधपाण्याने पडून गेला आणि आता ते बरे आहेत. मुलीच्या त्या प्रश्नावरून हा धागा काढतो आहे.

लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे चुनखडीचा दगड आणि 'काल्कुलुस' म्हणजे त्याचा लहानसा तुकडा, अर्थात खडा. रोमन लोक हिशेबाच्या पाटीवर खडे सरकवून बेरीज-वजाबाकी करीत. खडे मांडणे म्हणजेच हिशेब करणे असा अर्थ त्यातून रूढ झाला आणि 'कॅल्क्युलेट', 'कॅल्क्युलेटर' हे शब्द पुढे त्यावरून आले. वैद्यकाने मात्र तो शब्द मूळच्या अर्थाने, शरीरात साठलेल्या खड्यासाठी, ठेवला. दातांवर जमणाऱ्या टणक थरालाही दंतवैद्य कॅल्क्युलसच म्हणतात. 'कॅल्शियम' त्याच काल्क्सपासून आले आणि ज्याने मी बावीस वर्षे फळ्यावर लिहितो आहे तो 'चॉक'ही तिथूनच आला. मराठी मुलाला हे समजावून सांगताना फार सायास पडत नाहीत, कारण आपण या विकाराला मुतखडाच म्हणतो. खडा आपल्याही शब्दात बसलेला आहे.

दुसरा शब्द 'मसल'. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मूस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी सरकते, ते रोमन माणसाला उंदरासारखे दिसले. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा दंड दाखवत म्हणाला, "सर, आम्ही याला बेडकुळी म्हणतो." मी क्षणभर थांबलो. तोच दंड, तीच हालचाल. त्यांनी उंदीर पाहिला आणि आपल्या लोकांनी बेडूक पाहिला. त्या दिवसापासून तो शब्द त्या वर्गात कोणी चुकीचा लिहिलेला नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. मुले इंग्रजी शब्दाला घाबरतात, कारण तो त्यांना आगापिछा नसलेला अक्षरांचा ढीग वाटतो. शब्दामागची वस्तू हाताला लागली की ही भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इंग्रजी ही लॅटिनची मुलगी नव्हे. ती जर्मन आणि डच यांच्या कुळातली भाषा आहे. 'मदर', 'वॉटर', 'हँड', 'ब्रेड' हे तिचे घरचे शब्द आहेत. लॅटिन तिच्यात वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या वाटांनी आले. रोमन सैनिक आणि व्यापारी यांच्या सहवासातून 'वाइन', 'वॉल', 'स्ट्रीट', 'चीज', 'माइल' हे शब्द इतक्या पूर्वी आले की ते आज परके वाटतही नाहीत. ५९७ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक इंग्लंडमध्ये उतरले आणि चर्चच्या भाषेबरोबर आणखी शब्द आले. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली आणि लॅटिनची मुलगी असलेली फ्रेंच दरबारात, न्यायालयात आणि स्वयंपाकघरात शिरली. त्यानंतरच्या विद्वानांनी तर थेट लॅटिन ग्रंथांतून शब्द उचलले. त्यामुळे एकच मूळ शब्द इंग्रजीत अनेकदा दोन रूपांनी नांदतो. फ्रेंचच्या तोंडी झिजून आलेला 'फ्रेल' आणि ग्रंथातून अखंड उचललेला 'फ्रॅजाइल' हे दोन्ही एकाच 'फ्रागिलिस'पासून आले. 'पॉयझन' आणि 'पोशन', 'शुअर' आणि 'सिक्युअर' यांचेही तसेच आहे. आपल्याकडे कर्म झिजून काम झाले आणि कर्मही राहिले, पर्णाचे पान झाले आणि पर्णही राहिले, तोच हा प्रकार आहे. तद्भव आणि तत्सम हा भेद ज्याला कळतो, त्याला इंग्रजीतल्या या जोड्या लगेच उमगतात.

आपल्याला ठाऊक असलेले असे शब्द येथे लिहावेत, ही विनंती. 'सॅलरी'ची गोष्ट मी दरवर्षी सांगतो, की रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत. तीही येथे नोंदवून ठेवतो.

पाणिनीय:

फळाखडू सर, धागा फार चांगला काढलात, म्हणूनच त्यातली एक गोष्ट दुरुस्त करावीशी वाटते. 'सॅलरी'चे मूळ 'सालारिउम' हे आहे आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, येथपर्यंत काहीच शंका नाही. परंतु सैनिकांच्या हातावर मीठ ठेवून पगार भागवला जात असे, असे सांगणारा एकही प्राचीन पुरावा उपलब्ध नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या एकतिसाव्या भागात मिठाचे महत्त्व सांगताना या शब्दाचा उल्लेख केला आहे, मात्र मिठाचा आणि वेतनाचा संबंध नेमका कसा जुळला ते त्याने तेथे सांगितलेले नाही. रिकामी राहिलेली ती जागा पुढच्या लोकांनी कल्पनेने भरली. रोमन सैनिकाला नाणी मिळत आणि त्या वेतनाचे नाव 'स्तिपेंदिउम' असे होते. त्यात 'पेंदेरे' म्हणजे तोलणे हे क्रियापद आहे, कारण जुन्या काळी धातू तोलून देत. आज संशोधक विद्यार्थ्याला मिळणारा 'स्टायपेंड' हाच शब्द आहे.

मिठाचे खात्रीचे नातेवाईक हवे असतील तर ते ताटात सापडतात. 'सॅलड' म्हणजे मीठ लावलेले, 'सॉस' म्हणजे खारवलेले, आणि 'सॉसेज' हाही त्याच घरातला आहे.

फळाखडू:

पाणिनीय, मनापासून आभार. बावीस वर्षे ही गोष्ट मी खात्रीने सांगत आलो. येत्या सोमवारी वर्गात ती दुरुस्त करीन आणि 'स्टायपेंड'ही सांगेन.

मांडवीकाठ:

पगाराचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गोव्याकडून थोडी भर घालतो. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे यावरून आला आहे. पोर्तुगीज ही लॅटिनचीच मुलगी. त्या 'पागार'चे मूळ लॅटिन 'पाकारे' हे आहे, म्हणजे शांत करणे, आणि त्याच्या मुळाशी 'पाक्स' म्हणजे शांतता आहे. ज्याचे देणे आहे त्याला देऊन टाकले की तो शांत होतो, अशी ती कल्पना आहे. इंग्रजीतला 'पे' हा शब्द फ्रेंचमार्गे त्याच 'पाकारे'पासून आला आणि 'पीस'देखील त्याच 'पाक्स'पासून. म्हणजे 'पे' आणि 'पगार' ही सख्खी भावंडे आहेत. एक भावंड इंग्लिश खाडी ओलांडून गेले आणि दुसरे समुद्रमार्गे मांडवीच्या मुखाशी उतरले.

पावाचेही तसेच. लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकरी, पोर्तुगीजमध्ये तिचे 'पांव' झाले आणि आपल्याकडे पाव. आमच्याकडे भल्या सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो. त्याच्या नावातही तोच पानिस आहे, कारण पोर्तुगीजमध्ये पाव भाजणाऱ्याला 'पादेयरु' म्हणतात. इंग्रजीत 'पानिस' लपला आहे तो 'कंपॅनियन' आणि 'कंपनी' या शब्दांत. 'कोम' म्हणजे बरोबर, म्हणून ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो कंपॅनियन. ज्या कंपनीचा पगार घेऊन माणूस घरी पाव आणतो, त्या तिन्ही शब्दांची वंशावळ अशी लॅटिनपर्यंत जाते. 'चावी' हाही आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'क्लाविस' आहे. गळ्याजवळच्या हाडाला इंग्रजीत 'क्लॅव्हिकल' म्हणतात, म्हणजे छोटी चावी.

बांधावरून:

मी शेती करतो आणि शब्दांचा नाद कॉलेजात असल्यापासून आहे. मला आवडलेला शब्द 'रायव्हल'. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओहोळ किंवा पाट, आणि 'रीवालिस' म्हणजे एकाच पाटाचे पाणी घेणारे शेजारी. रोमन कायद्याच्या ग्रंथांतही हा शब्द याच अर्थाने येतो. एका पाटावर दोन शिवारे भिजायची असली की पुढे काय होते, हे रोममधल्या माणसाला जसे ठाऊक होते तसे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे आवर्तन, म्हणजे कालव्याचे पाणी, सुटले की पाळी लागते. रात्री दोन वाजता पाळी आली तर दोनलाच बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, कारण दहा मिनिटे उशीर झाला तर वरच्याने बारे मोडून पाणी स्वतःकडे वळवलेले असते. त्या वरच्याशी आमचे वैर नाही, लग्नकार्यात आम्ही एकाच पंगतीला बसतो. परंतु पाण्याच्या रात्री तो रीवालिसच असतो. 'रायव्हल'चे भाषांतर आपण 'प्रतिस्पर्धी' असे करतो, त्यात हे पाणी उरत नाही. 'रिव्हर' हाही यातलाच शब्द असणार.

दुसरा शब्द 'डिलिरियम'. तापात माणूस बरळू लागला की डॉक्टर हा शब्द वापरतात. लॅटिनमध्ये 'लीरा' म्हणजे नांगराचे तास, नांगरताना पडणारी चर, आणि 'दे' म्हणजे पासून दूर. बैल तास सोडून भलतीकडे निघाले की नांगरट वाकडी होते, तसे ज्याचे मन तास सोडून चालले आहे त्याची ही अवस्था. बैलांनी नांगरलेले रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

पाणिनीय:

बांधावरून, 'रीवालिस'चे विवेचन वाचून समाधान वाटले. फक्त 'रिव्हर'बाबत थांबावे लागेल. ती चूक अगदी स्वाभाविक आहे, तरीही ती चूकच आहे. 'रिव्हर' हा 'रीवुस'पासून आलेला नाही. लॅटिनमध्ये 'रीपा' हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ काठ. काठालगतचा प्रदेश तो 'रीपारिआ', फ्रेंचमध्ये त्याचे रूप बदलत गेले आणि काठाचे नाव शेवटी प्रवाहालाच पडले. 'अराइव्ह'देखील रीपापासूनच आला, कारण पोहोचणे म्हणजे मुळात नाव काठाला लागणे. उलट 'डिराइव्ह' हा खरा रीवुसचा वंशज आहे, म्हणजे पाटातून पाणी काढून नेणे. एका अक्षराच्या साम्यावरून नाते जोडले तर कसे फसायला होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नांगराच्या तासावरून आठवले ते 'व्हर्स'. लॅटिन 'वेर्तेरे' म्हणजे वळणे, आणि 'वेर्सुस' म्हणजे शेताच्या टोकाला नांगर वळवून पुन्हा घातलेले तास. ओळ संपली की पुन्हा मागे वळून नवी ओळ सुरू होते, म्हणून कवितेच्या ओळीला ते नाव मिळाले. याच मूळ धातूचे संस्कृतातले रूप 'वृत्' आहे आणि त्याचे भूतकालवाचक विशेषण 'वृत्त'. शार्दूलविक्रीडित हे वृत्त आहे, असे आपण म्हणतो तेव्हा वापरलेला शब्द आणि रोमन कवीचा वेर्सुस हे एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. दोघांनी एकमेकांकडून काहीही उसने घेतले नाही, तरी दोन्हीकडे तो शब्द कवितेपाशी येऊन ठेपला. इतके देखणे साम्य मला दुसरे ठाऊक नाही.

भोरप्या:

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे. एक प्रामाणिक शंका विचारतो. व्हॉट्सअॅपवर एक यादी नेहमी फिरते, तिच्यात 'नेव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'पासून आला असे लिहिलेले असते. आता वर 'वृत्त' आणि 'वेर्सुस' यांचे नाते आले, त्यावरून लॅटिन ही संस्कृतपासूनच निघाली असे का म्हणू नये? 'दंत' आणि 'डेंटिस्ट', 'पाद' आणि 'पेडल', 'नाम' आणि 'नॉमिनेट' ही साम्ये काही योगायोगाने आलेली नसणार.

पाणिनीय:

भोरप्या, आपली शंका योग्य आहे आणि तिला सविस्तर उत्तर द्यायला हवे. साम्ये योगायोगाची नाहीत, हे अगदी खरे. ब्रिटिश न्यायाधीश आणि भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात हेच मांडले, आणि त्याच भाषणात त्यांनी असेही सुचवले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्हींचा उगम एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, भाषेत असावा. त्यानंतरच्या अभ्यासाने ते पक्के केले. त्या भाषा बहिणी आहेत, त्यांच्यात आई-मुलीचे नाते नाही.

हे कशावरून, असे आपण विचाराल. संस्कृतात जेथे 'श' येतो तेथे लॅटिनमध्ये 'क' येतो, आणि तो एखाददुसऱ्या शब्दात नव्हे तर ठरावीकपणे येतो. दश आणि 'देकेम', शतम् आणि 'केंतुम', पशु आणि 'पेकू'. त्या देकेमपासून 'डिसेंबर' आणि 'डेसिमल' आले, केंतुमपासून 'सेंट' आणि 'पर्सेंट'. 'पेकू' म्हणजे गुरे, आणि गुरे हीच संपत्ती असल्यामुळे पैशाला 'पेकूनिया' म्हणू लागले, त्यावरून इंग्रजीत 'पेक्युनिअरी' आला. पशुधन हा शब्द आपण आजही वापरतो.

आता स्वर पाहा. दश, अष्ट आणि अज्र म्हणजे शेत, या तीन शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांत संस्कृतात सगळीकडे 'अ' आहे. लॅटिनमध्ये 'देकेम'ला 'ए' आहे, 'ओक्तो'ला 'ओ' आहे आणि 'आगेर'ला 'आ' आहे. ग्रीकमध्येही नेमके तसेच आहे. लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर एकाच 'अ'चे कुठे 'ए', कुठे 'ओ' करायचे हे तिला कळले कसे, आणि तेच ग्रीकलाही जसेच्या तसे कळले कसे? याचा अर्थ मूळ भाषेत ते स्वर वेगळे होते, लॅटिनने ते जपले आणि संस्कृतात ते एकत्र झाले. उलट बाजूही आहे. भ, ध, घ हे महाप्राण संस्कृतने जपले आणि लॅटिनने गमावले. धूम या शब्दाचे लॅटिन भावंड 'फूमुस' आहे, आणि 'परफ्यूम' हा मूळचा धुराचा, म्हणजे धूप घालण्याचा शब्द त्याच्यापासून आला. प्रत्येक बहिणीने वारशातले काही जपले आणि काही हरवले.

'नवगती'बद्दल. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, यांवरून 'नाविगातिओ' झाला आणि तो इंग्रजीत आला. नाविसचे संस्कृत भावंड 'नौ' आहे आणि आगेरेचे 'अज्'. नौ आणि गती यांचा समास संस्कृतात केला तर तो 'नौगती' होईल, जसे नौदल. 'नवगती' या रूपाला व्याकरणाचा आधार नाही. संस्कृताचे मोठेपण मला वाटते तेवढे क्वचितच कोणाला वाटत असेल, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्या नावावर चुकीचे रूप खपवलेले मला सहन होत नाही.

भोरप्या:

आता समजले. ती यादी ज्या गटात आली होती, तेथे आपले हे उत्तर आपल्या परवानगीने पाठवतो.

त्रिज्या:

प्रवास केवळ लॅटिनमधून बाहेरच झाला असे नाही. एक शब्द आपल्याकडून निघून लॅटिनमध्ये गेला आणि इंग्रजी होऊन परत आला, त्याविषयी लिहिते. मी गणित शिकवते.

आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात अर्धज्यांचे कोष्टक आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस धनुष्यासारखा आणि त्याची दोन टोके जोडणारी रेषा दोरीसारखी, म्हणून ती ज्या. तिचाच दुसरा शब्द 'जीवा', आणि महाराष्ट्रातला नववी-दहावीचा प्रत्येक विद्यार्थी वर्तुळाची जीवा आजही याच नावाने शिकतो. अरब गणितज्ञांनी हा शब्द 'जीबा' असा उचलला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि जीबा या शब्दाला अरबीत काहीच अर्थ नव्हता. त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. हिंदीतला खिशासाठीचा 'जेब' हाच शब्द. बाराव्या शतकात युरोपीय अनुवादकांनी अरबी गणित लॅटिनमध्ये नेले, तेव्हा जैबचे भाषांतर 'सिनुस' असे केले, कारण लॅटिनमध्ये सिनुस म्हणजे घडी, पोकळी, खोबण. त्या सिनुसचा इंग्रजीत 'साइन' झाला.

सर्दीने डोके दुखू लागले की आपण 'सायनसचा त्रास' म्हणतो, तोही हाच शब्द आहे. कपाळातल्या आणि गालांच्या हाडांतल्या त्या पोकळ्या म्हणजे सिनुस. मी वर्गात फळ्यावर जीवा काढते, तिचा अर्धा भाग गडद करते आणि सांगते की हीच आर्यभटाची अर्धज्या आणि हाच तुमचा साइन. परिभाषेत आपण जीवा मराठी ठेवली आणि साइन इंग्रजी. ही दोन नावे एकाच शब्दाची आहेत, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीने तरी सांगायला हवे, असे मला फार तीव्रतेने वाटते.

लसटोचणी:

मी आरोग्यसेविका आहे. 'व्हॅक्सिन'मध्ये गाय आहे, हे मला प्रशिक्षणात कळले. लॅटिन 'वाक्का' म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईंच्या देवीचा द्रव टोचून माणसाचे देवीपासून रक्षण करून दाखवले, त्यावरून हे नाव पडले, आणि पुढे लुई पाश्चर यांनी ते सर्वच रोगांच्या लसींसाठी वापरले. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि भारतातले ते पहिले लसीकरण ठरले. त्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून येणारा पातळ चिकट स्राव दुसऱ्याच्या दंडात टोचत. अशा स्रावाला मराठीत लस म्हणतात. इंग्रजीने गाईचे नाव धरून ठेवले, आपण त्या द्रवाचे.

एसटीची खिडकी:

'बस'बद्दल कोणीच कसे लिहिले नाही? लॅटिनमध्ये 'ओम्निस' म्हणजे सर्व. त्याचे चतुर्थीचे अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी. १८२८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १८२९ मध्ये लंडनमध्ये घोड्यांनी ओढलेल्या सार्वजनिक गाड्या या नावाने सुरू झाल्या. कोणीही भाडे देऊन बसावे अशी ती गाडी, म्हणून सर्वांसाठी. लोकांनी नाव आखूड करताना शब्द टाकून दिला आणि शेपूट ठेवले. 'ओम्नि' म्हणजे सर्व, ते गेले. उरला तो निव्वळ 'बुस', म्हणजे विभक्तीचा प्रत्यय.

संस्कृतात चतुर्थीच्या अनेकवचनाला 'भ्यः' लागतो. रामेभ्यः, सर्वेभ्यः. तो 'भ्यः' आणि हा 'बुस' एकाच कुळातले प्रत्यय आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यापाड्यांत ती जेथे जेथे पोहोचली तेथे एक चतुर्थीचा प्रत्यय पोहोचला. मी रोज दीड तास तिच्यात बसते. थांब्यावर कोणी हात केला आणि चालकाने गाडी थांबवली की मला 'सर्वेभ्यः' आठवते, आणि शब्दाचा अर्थ शब्द हरवल्यावरही टिकून राहिला याचे खरोखर बरे वाटते.

फळाखडू:

सर्वांचे आभार. या धाग्यातले चार शब्द मी वर्गात नेले. सॅलरीची दुरुस्ती केली. एका मुलीने विचारले की 'डेट' म्हणजे कर्ज, यात 'बी' उच्चारायचाच नाही तर लिहायचा कशाला. फ्रेंचमधून हा शब्द 'बी'शिवायच आला होता. मूळ लॅटिन 'देबितुम' आहे, हे दाखवण्यासाठी विद्वानांनी नंतर तो 'बी' लेखनात घातला. 'डाउट' आणि 'रिसीट' यांतली मुकी अक्षरे याच कारणाने आली. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी नांव, कांहीं यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ते अनुस्वार निदान कधीकाळच्या खऱ्या उच्चाराची खूण होते. 'डेट'मधला 'बी' इंग्रजीत कोणाच्याही तोंडी कधी नव्हता. मुलीने वहीत त्या 'बी'भोवती गोल काढून शेजारी 'देबितुम' असे लिहून ठेवले.

बसचा प्रत्यय सांगितल्यावर मात्र वर्गाला वेगळेच बळ आले. बेडकुळी दाखवणाऱ्या त्याच मुलाने विचारले, "सर, ट्रॅक्टर लॅटिन आहे का?" त्याचे वडील भाड्याने ट्रॅक्टर चालवतात. मी सांगितले की लॅटिन 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, आणि जो ओढतो तो ट्रॅक्टर. शेवटचा 'टर' हा करणाऱ्याचा प्रत्यय, तोच आपल्या कर्ता, दाता, नेता यांच्या शेवटी आहे. मग मुलांनी आपणहून शब्द सांगायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणजे शिकवणारा, अॅक्टर म्हणजे करणारा. एकाने सातबाऱ्याच्या उताऱ्याला इंग्रजीत 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात हे घरच्या कागदावर वाचले होते, त्याने ते सांगितले. मूळ नोंदवहीतून ओढून बाहेर काढलेला तो उतारा. तास संपायची घंटा झाली, तरी तो मुलगा फळ्यापाशीच उभा होता. त्याने 'ट्रॅक्टर' लिहिले, त्याखाली 'सबट्रॅक्ट' लिहिले, दोन्हींतल्या 'ट्रॅक्ट'खाली रेघ ओढली आणि मला विचारले, "म्हणजे सर, वजाबाकीत आपण खालून ओढून काढतो, असंच ना?"